कराची नव्हे, बंगालचा उपसागर : अण्णांच्या नौदल सेवेची नोंद लावताना

निलंगा तालुक्यातल्या आमच्या गावच्या ग्रामपंचायतीनं शाळेच्या भिंतीवर माजी सैनिकांच्या नावांचा फलक लावायचं ठरवलं, तेव्हा अण्णांचं वर्षश्राद्ध तोंडावर आलं होतं. गावातल्या पोरांनी मजकूर तयार करून थोरल्या भावाच्या व्हॉट्सॲपवर पाठवला. अण्णांच्या नावापुढं लिहिलं होतं, '१९७१ च्या युद्धात कराची बंदर पेटवणाऱ्या विक्रांत युद्धनौकेवरचे शूर वीर'. दादाला मजकूर पटला. धाकट्याला पटला नाही. त्याचं म्हणणं, "अक्का, अण्णा बॉयलरवर होते. त्यांनी ना तोफ चालवली ना विमान. उगं वीर-बीर लिहून काय करायचं? नुसतं माजी नौसैनिक लिहू." दोघांनीही तो मजकूर माझ्याकडं पाठवला, कारण मी लातूरला हायस्कूलवर इतिहास शिकवते आणि अण्णांची पेटी माझ्याकडं होती.

मला दोघांचंही पटलं नाही. पोरांच्या मजकुरात चूक होती आणि धाकट्याच्या सुधारणेत अण्णांवर अन्याय होता. मग ठरलं, फलक थोडा थांबवायचा आणि आधी नोंद नीट लावायची. ती कशी लावली ते इथं सविस्तर लिहिते. आपल्या मराठवाड्यात अशी घरं आहेत. लष्करात गेलेल्यांबद्दल बोलायला गावात चार जण भेटतात, नौदलातला मात्र बहुधा गावात एकटाच असतो. तो गेला की जहाज कोणतं, खातं कोणतं, काम काय, हे सांगणारं कोणी उरत नाही.

अण्णा

अण्णांचा जन्म १९४७ चा. तेव्हा निलंगा तालुका निजामाच्या राज्यात, बीदर जिल्ह्यात होता. १७ सप्टेंबर १९४८ ला हैदराबाद संस्थान भारतात विलीन झालं. १९५६ च्या राज्य पुनर्रचनेत निलंगा, उदगीर, अहमदपूर हे तालुके उस्मानाबाद जिल्ह्याला जोडले गेले आणि १९८२ मध्ये लातूर जिल्हा वेगळा झाला. घर न बदलता माणसाचे तीन जिल्हे झाले. हे मुद्दाम सांगते, कारण पुढं कागद जुळवताना शाळेच्या दाखल्यावर एक जिल्हा, भरतीच्या कागदावर दुसरा आणि पेन्शनच्या कागदावर तिसरा निघाला, आणि तिन्ही बरोबर होते.

मॅट्रिकनंतर १९६६ साली ते मुंबईला जाऊन नौदलात भरती झाले. लोणावळ्याच्या आयएनएस शिवाजी या नौदलाच्या प्रशिक्षण केंद्रात त्यांचं इंजिन विभागाचं प्रशिक्षण झालं. कागदोपत्री शाखा मेकॅनिकल इंजिनिअरिंग, पण अण्णा स्वतःला स्टोकर, म्हणजे बॉयलरची आग सांभाळणारा, म्हणायचे. पंधरा वर्षं पुरी करून १९८१ ला पेन्शनवर घरी आले, बॉयलर अटेंडंटची परीक्षा दिली आणि तालुक्याजवळच्या सहकारी साखर कारखान्यात बॉयलरवर लागले. गावाला माहीत होते ते हे अण्णा. गळीत हंगामाआधी बॉयलर अग्निप्रदीपन व्हायचं, चेअरमन सपत्नीक पूजा करायचे, फोटो निघायचे आणि फोटोच्या कडेला खाकी कपड्यांत अण्णा उभे असायचे. पेपरात त्यांचं नाव कधी आलं नाही, ते यावं असं त्यांना वाटल्याचंही मला आठवत नाही.

कराची कुठून आली

पोरांनी कराची मनानं घातलेली नव्हती. ती गावात बरीच वर्षं रुजलेली होती आणि तिचं मूळ सापडणं गरजेचं होतं, नाहीतर फलकावरून काढली तरी बोलण्यातून गेली नसती.

४ डिसेंबर हा नौदल दिन. १९७१ च्या ४ डिसेंबरच्या रात्री निर्घात, निपात आणि वीर या क्षेपणास्त्र बोटींनी कमांडर बब्रुभान यादव यांच्या नेतृत्वाखाली कराचीवर हल्ला केला. पाकिस्तानची खैबर ही विनाशिका आणि मुहाफिज ही सुरुंग काढणारी नौका बुडाली. पुन्हा ८ डिसेंबरच्या रात्री विनाश या बोटीनं मारा केला, त्यात केमारीच्या तेलाच्या टाक्या पेटल्या. नौदल दिन पाळतात तो या पहिल्या हल्ल्याच्या आठवणीचा. दरवर्षी त्या दिवशी आमच्या शाळेत कार्यक्रम व्हायचा. पाहुणे कराचीची गोष्ट रंगवून सांगायचे आणि ती संपली की लगेच अण्णांना शाल-श्रीफळ. ऐकणाऱ्यानं दोन्ही गोष्टी एकत्र केल्या तर त्यात नवल नाही.

विक्रांत ही विमानवाहू नौका मात्र कराचीपासून फार लांब होती. कराचीवर गेल्या त्या पश्चिमेकडच्या, अरबी समुद्रातल्या बोटी. विक्रांत पूर्वेला, बंगालच्या उपसागरात होती. त्याच ४ डिसेंबरला तिच्यावरची सी हॉक विमानं कॉक्स बझारवर आणि नंतर चितगाववर तुटून पडली. पुढं तिच्या विमानांनी खुलना, मोंगला या बंदरांवरही मारा केला. तारीख एक, समुद्र दोन. अण्णांच्या सत्काराला नौदल दिनाची तारीख योग्यच होती, फक्त भाषणातली गोष्ट दुसऱ्या जहाजांची होती.

मग अण्णांनी ती दुरुस्त का केली नाही? ते माइकवर आले की एकच वाक्य बोलायचे, "मी खालीच होतो, वरचं मला काही ठाऊक नाही." लोकांना तो विनय वाटायचा आणि टाळ्या पडायच्या. मला खात्री आहे, ते शब्दशः खरं बोलत होते. ते किती खरं होतं ते बॉयलरचं बघताना कळलं.

पेटी

पत्र्याची काळी पेटी, झाकणावर पांढऱ्या रंगात नाव आणि नौदल क्रमांक. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीचा भूकंप झाला, त्यात आमचं माळवदाचं घर बसलं. गणपती विसर्जनाची रात्र होती, घरातली माणसं वाचली. पेटी दगड-मातीखालून निघाली ती झाकण चेमटून. फडताळातली पत्रं, फोटो, अण्णांची वही मातीत गेली. पेटीत होतं तेवढं राहिलं. आमच्या भागातल्या पुष्कळ घरांचे कागद त्या एका पहाटेत गेलेत, त्यामुळं कोणाच्या घरी काही सापडत नसेल तर त्याला निष्काळजी ठरवू नये.

पेटीत सेवेचं प्रमाणपत्र होतं, पीपीओ म्हणजे पेन्शन मंजुरीचा आदेश होता, गणवेशातला विशाखापट्टणमच्या स्टुडिओतला एक फोटो होता, थोडी आंतर्देशीय पत्रं होती आणि आजीच्या जुन्या चंचीत बांधलेली पदकं होती. पान-सुपारीच्या कप्प्यांत एकेक पदक. वहिनी ती पितांबरीनं घासायला निघाली होती, तिला हात जोडून थांबवलं. पदकावर धारकाचा क्रमांक आणि नाव कोरलेलं असतं, घासून घासून तीच अक्षरं आधी जातात.

या पदकांनीच निम्मं काम केलं. १९७१ च्या युद्धासाठी संग्राम मेडल होतं, ते त्या काळात सेवेत असलेल्यांना मिळालं. त्याखेरीज आघाडीवरच्यांसाठी दोन वेगळे तारे काढले होते, पूर्व आघाडीसाठी पूर्वी स्टार आणि पश्चिम आघाडीसाठी पश्चिमी स्टार. अण्णांच्या चंचीत पाच टोकांचा तांबूस तारा होता. मधोमध अशोकस्तंभ आणि त्याभोवतीच्या पट्टीत 'पूर्वी स्टार'. दादाला मी ताऱ्याचा फोटो काढून पाठवला नाही, दादा लातूरला आला तेव्हा ताराच हातात दिला. त्यानं चष्मा काढून ती अक्षरं वाचली आणि म्हणाला, "म्हणजे अण्णा कराचीला नव्हतेच की गं." वाईट वाटलं त्याला. वडिलांची एवढी वर्षं ऐकलेली गोष्ट हातातून जाते तेव्हा वाईट वाटतंच.

तारा आघाडी सांगतो, जहाज सांगत नाही. विक्रांतचं नाव घरात सगळ्यांच्या तोंडी होतं, पण विक्रांतच्या संगतीला ब्रह्मपुत्र, बियास, कामोर्ता, कवरत्ती अशी जहाजं होती. अण्णा त्यांतल्या एखाद्यावर असते तरी गावात नाव विक्रांतचंच झालं असतं. म्हणून जहाजाचा पुरावा वेगळा हवा होता. नौसैनिकांचे सेवा अभिलेख मुंबईत मानखुर्दला चीता कॅम्पमध्ये ब्युरो ऑफ सेलर्सकडं असतात. जवळचा वारस म्हणून आईच्या सहीचा अर्ज केला. सोबत मृत्यू प्रमाणपत्र, पीपीओची प्रत, आणि सगळ्यांत महत्त्वाचं म्हणजे नौदल क्रमांक. नावांच्या स्पेलिंगमध्ये घोळ असतात, जिल्हे बदललेले असतात, क्रमांक मात्र एकच असतो. अर्ज नीट लिहून घ्यायला जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयाची मदत होते, आम्हालाही झाली. उत्तरात जहाजांची आणि तळांची तारीखवार यादी आली. १९७१ चं संपूर्ण वर्ष विक्रांत.

म्हणजे पोरांच्या मजकुरात जहाज बरोबर होतं आणि हल्ला दुसऱ्यांचा होता.

आईची येळवस

कागद एवढंच सांगतात. त्या दिवसांत घरी काय चाललं होतं हे आईला विचारलं. तिला युद्धाच्या तारखा विचारून उपयोग नव्हता, आणि तशा विचारूही नयेत. आईच्या पिढीला सण आठवतात, बाळंतपणं आठवतात, पाऊस कधी गेला ते आठवतं. मी मोबाइलवर रेकॉर्डिंग लावलं आणि म्हटलं, "दादाच्या वेळेला दिवस गेले होते तेव्हाचं सांग."

"येळवशीला रानात होतो आपन," आई म्हणाली. "मला पाचवा म्हैना. कोपीत पूजा झाली, तुजे आजोबा आंबील शिपडाय गेलते. शेजारच्या रानातल्या गड्याच्या खांद्याला ट्रान्झिस्टर व्हता. त्यो वरडत आला, लढाई सपली म्हनून. आत्याबाई रडाय लागल्या. म्या म्हनलं, सपली तर मग पत्र का नाई? दोन म्हैने झालते पत्राला. मनीआर्डर बी नाई."

येळवस म्हणजे मार्गशीर्ष अमावास्या, वेळ अमावास्या. लातूर-धाराशिवकडच्या वाचकांना ती सांगायला नको, बाकीच्यांसाठी एवढंच, की त्या दिवशी आमच्याकडं गाव ओस पडतं. सगळे शेतात. कडब्याची कोप करतात, तिच्यात पांडव मांडून पूजा करतात, भज्जी, उंडे, आंबील यांचा नैवेद्य असतो आणि पिकावर आंबील शिंपडतात. दादाचा जन्म १९७२ च्या चैत्रातला, म्हणजे ही येळवस १९७१ चीच. त्या वर्षी मार्गशीर्ष अमावास्या आली होती १७ डिसेंबरला, शुक्रवारी. ढाक्यात शरणागती झाली १६ ला, आणि पश्चिमेकडची लढाई थांबली १७ च्या रात्री आठला. आईची आठवण दिवसाबरहुकूम जुळली. माझ्या मते या सगळ्या प्रकरणातला हा सर्वांत भक्कम पुरावा आहे. तो कुठल्याही कार्यालयात नाही, एका पंचाहत्तरी गाठलेल्या बाईच्या डोक्यात आहे, आणि विचारलं नसतं तर तिच्याबरोबर गेला असता.

पत्र का नव्हतं, याचंही उत्तर मिळतं. नौसैनिकाला पत्र जायचं ते 'केअर ऑफ एफएमओ' अशा फ्लीट मेल ऑफिसच्या पत्त्यावर, जहाज कुठं आहे ते घरच्यांना कळायचं नाही. आणि १९७१ च्या नोव्हेंबरात विक्रांत कुठं आहे हे लपवणं हाच पूर्व विभागाचा मोठा डाव होता. ती अंदमानात उत्तरेकडच्या आडबाजूच्या खाडीत नेऊन ठेवली होती, आणि शत्रूला मात्र ती विशाखापट्टणमजवळच आहे असं भासवायचं होतं, कारण पाकिस्तानची गाझी ही पाणबुडी तिच्या मागावर निघाली होती. राजपूत या विनाशिकेनं विक्रांत असल्यासारखे संदेश सोडले. पूर्व विभागाचे प्रमुख व्हाइस ॲडमिरल कृष्णन यांनी पुढं सांगितलेली एक गोष्ट मला फार लागली. शत्रूनं ऐकावा म्हणून मुद्दाम साध्या भाषेत एक खाजगी संदेश पाठवला होता. विक्रांतवरचा कोणी नौसैनिक आपल्या आजारी आईची खुशाली विचारतोय, असा. गाझी ३ आणि ४ डिसेंबरच्या मधल्या रात्री विशाखापट्टणमच्या समोर बुडाली.

एका नसलेल्या आजारी आईची चौकशी वाऱ्यावर सोडली जात होती आणि आमच्या आजीला खऱ्या मुलाची दोन ओळींची चिठ्ठी मिळत नव्हती. दोन्ही गोष्टी त्याच जहाजाच्या भल्यासाठी होत्या. आजी हे न कळता गेली.

शेवटी डिसेंबरअखेर पत्र आलं. ते पेटीत आहे. आजोबांच्या नावे, कारण तेव्हा बायकोला वेगळं पत्र लिहायची रीत नव्हती आणि आईला वाचताही येत नव्हतं. 'ती. बाबांस शिरसाष्टांग नमस्कार. मी खुशाल आहे, काळजी नसावी. ठिकाण लिहिता येत नाही. ज्वारी कशी आहे? विहिरीला पाणी किती? घरात तब्येतीला जपण्यास सांगावे.' 'घरात' म्हणजे आई. ती ओळ आजोबांनी मोठ्यानं वाचली तेव्हा आपण चुलीपुढं होतो, असं ती सांगते.

त्याच वर्षी पाऊस कमी झाला होता, पुढच्या पावसाळ्यानं तर दगाच दिला. बहात्तरचा दुष्काळ. गावाच्या आठवणीत एकाहत्तरचं युद्ध पुसट होण्याचं खरं कारण मला हे वाटतं. खडी फोडायची कामं, पोरांना मिळणारी सुकडी, रेशनची लाल मिलो, हे सगळं बारा महिन्यांच्या आत येऊन त्या चौदा दिवसांच्या लढाईवर पसरलं. आई सांगते, अण्णा सुट्टीवर आले ते कुलूपबंद घर बघून पाझर तलावाच्या कामावर गेले, कारण घरचे सगळे तिथंच होते. गणवेशाच्या पँटीवरच त्यांनी पाट्या उचलल्या. युद्धावरून आलेल्या माणसाला युद्धाचं विचारायला त्या वर्षी कोणाकडं वेळ नव्हता. पुढं विचारायचं राहूनच गेलं.

बॉयलर

आता धाकट्याच्या आक्षेपाकडं येते, कारण या प्रकरणाचा गाभा तिथं आहे. बॉयलरवर होते, म्हणजे युद्धात काय केलं?

विक्रांत वाफेवर चालायची. चार बॉयलर, दोन टर्बाइन, जहाज ढकलणारे पाण्यातले दोन पंखे. पूर्ण जोरात ती साडेचोवीस नॉटनं, म्हणजे तासाला साधारण ४५ किलोमीटर जायची. १९६५ च्या युद्धात ती मुंबईला गोदीत दुरुस्तीला होती, म्हणून तिला काही करता आलं नव्हतं. १९७१ मध्ये पुन्हा तशीच वेळ येते की काय असं झालं, कारण चारपैकी एका बॉयलरला तडे गेल्याचं आढळलं. नौदल प्रमुख ॲडमिरल नंदा यांनी तरीही तिला युद्धात उतरवायचं ठरवलं. उरलेल्या तीन बॉयलरवर, कमी वेगानं. वेग सोळा नॉटच्या आसपास आला. नवे बॉयलर तिला बसले ते १९७९ नंतरच्या मोठ्या दुरुस्तीत. म्हणजे ती आख्खी लढाई तिनं तीन बॉयलरवर काढली.

वेग कमी झाला तर बिघडलं काय? विमानवाहू जहाजावर धावपट्टी तोकडी. विमान उडायला पंखांवरून वारा जोरात जावा लागतो. त्यासाठी जहाज वाऱ्याच्या तोंडाला लावून पळवतात, म्हणजे जहाजाचा वेग आणि समोरचा वारा मिळून विमानाला आधार देतात. वरून कॅटापल्ट नावाचं यंत्र विमानाला पुढं फेकतं. जहाजाचा वेग कमी, त्यात वारा पडलेला, की विमानावर इंधन आणि बॉम्ब कमी घ्यावे लागणार. आणि कॅटापल्टही वाफेवरचा. म्हणजे पंखे फिरवायला लागणारी वाफ आणि विमान फेकायला लागणारी वाफ त्याच तीन बॉयलरांतून यायची. वैमानिकाचा एकेक नॉट खालच्या स्टोकरच्या हातात होता.

त्या हातांना काय काम असायचं? भट्टीत तेलाचे फवारे पेटते ठेवायचे, दाब कमीजास्त होईल तसे ते वाढवायचे-घटवायचे. चिमणीतून काळा धूर निघू द्यायचा नाही, दिवसा तो मैलोगणती दिसतो. आणि पाण्याची काच, गेज ग्लास, नजरेआड करायची नाही. बॉयलरमधलं पाणी खाली गेलं तर नळ्या उघड्या पडून फुटतात, आणि वाफेनं भाजलेला माणूस तिथंच संपतो. वर कोणी हल्ला केला, खाली पाणबुडीनं टॉर्पेडो सोडला, तर यातलं त्यांना आधी काहीच दिसणार नव्हतं. तो धोका खरा होता. ९ डिसेंबरला दीवजवळ खुकरी पाणबुडीच्या माऱ्यानं बुडाली, कॅप्टन महेंद्रनाथ मुल्ला जहाजाबरोबर गेले, १८ अधिकारी आणि १७६ नौसैनिक गेले. जहाज मिनिटांत बुडतं तेव्हा सर्वांत खालच्या मजल्यावरच्यांना वर यायला सवड मिळत नाही. ही बातमी विक्रांतच्या बॉयलर रूममध्ये पोचल्यावरही पाळी बदलत राहिली असणार आणि माणसं शिडीनं खाली उतरत राहिली असणार.

अण्णांना मी एकदा खूप खोदून विचारलं होतं, ते जाण्याच्या थोडं आधी. म्हणाले, "आम्हाला युद्ध काट्यावर दिसायचं. विमान फेकलं की दाबाचा काटा खाली यायचा. काटा खाली आला की समजायचं, एक गेलं. लगेच फवारा वाढवायचा, पुढच्यासाठी." 'मी खालीच होतो' याचा पूर्ण अर्थ तो होता.

कारखान्यात त्यांच्या हाताखाली शिकलेले एक काका आता निवृत्त आहेत. त्यांना भेटले. ते म्हणाले, अण्णा पाळीवर आले की रामराम करायच्या आधी विचारायचे, "काच बघितली का?" इंधन तिकडं तेल आणि इकडं बगॅस, म्हणजे उसाचा चोथा, पण सवय तीच. आम्हाला घरी वाटायचं की नौदल संपलं आणि मग कारखाना सुरू झाला. खरं तर एकच काम त्यांनी आयुष्यभर केलं. २ सप्टेंबर २०२२ ला कोचीला नवी विक्रांत नौदलात आली, ते टीव्हीवर बघताना त्यांचा पहिला प्रश्न होता, "बॉयलर किती?" नातवानं मोबाइलवर बघून सांगितलं, एकही नाही, चार गॅस टर्बाइन आहेत. अण्णा बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "चांगलं केलं. पोरांना ताप नाही."

हे सगळं एकत्र करून मी धाकट्याला वाचून दाखवलं. तो एमआयडीसीत इलेक्ट्रिशियन आहे, त्याला यंत्राचं सांगावं लागत नाही. तीन बॉयलर, तडा गेलेला चौथा आणि त्यावर कॅटापल्ट, एवढं ऐकल्यावर त्यानंच मला थांबवलं. "म्हणजे अण्णांचा बॉयलर बसला असता तर विमान उठलंच नसतं," तो म्हणाला. मग त्यानं हट्ट धरला की फलकावर बॉयलर रूम हा शब्द आलाच पाहिजे.

काय लिहिलं

दादाची शंका वेगळी होती. "कराची सगळ्यांना माहीत आहे. पूर्व आघाडी म्हटलं तर कोणाला काय कळणार?" शंका रास्त आहे. माणसं ओळखीच्या गोष्टीलाच मान देतात. पण मला असं वाटतं की अण्णांना दुसऱ्यांच्या पराक्रमातला वाटा देणं म्हणजे त्यांचा स्वतःचा काढून घेणं. कराचीला गेलेल्या बोटींवर जी माणसं होती त्यांचीही घरं असतील, त्यांचाही फलक कुठंतरी लागायचा असेल. आणि मुलांना कळत नाही म्हणून खोटं सोपं सांगायचं, हे शाळेच्या भिंतीवर तरी नको. कळत नसेल तर शिकवावं, शाळा त्यासाठीच आहे.

शेवटी फलकावर नाव, नौदल क्रमांक, सेवेचा काळ १९६६ ते १९८१ आणि खाली एक ओळ आली : 'स्टोकर, बॉयलर रूम, विमानवाहू नौका विक्रांत, पूर्व आघाडी, डिसेंबर १९७१. पूर्वी स्टार, संग्राम मेडल.' विशेषण एकही नाही. दादानं शूर वीर हे शब्द स्वतःच्या हातानं खोडले, आणि ते सोपं नव्हतं त्याला. चौथीच्या गुरुजींनी त्याखाली बंगालच्या उपसागराचा नकाशा रंगवून घ्यायचं ठरवलंय, त्यात कॉक्स बझार, चितगाव, विशाखापट्टणम आणि अंदमान. माझ्या मते फलकापेक्षा त्या नकाशाचा उपयोग जास्त होईल.

कागदांच्या स्कॅन प्रती तिन्ही भावंडांकडं आहेत, एक संच शाळेत. मूळ कागद पेटीतच, आता खाली सिलिका जेलच्या पुड्या टाकून. आईचं रेकॉर्डिंग शब्दशः उतरवलं, तिच्या बोलीत, 'व्हता' चं 'होता' न करता. याच कागदांचा आणखी एक उपयोग झाला. आईच्या कुटुंब निवृत्तिवेतनाच्या नोंदीत तिचं लग्नानंतरचं नाव आणि आधारवरचं नाव जुळत नव्हतं, ते प्रकरण सेवा अभिलेखातल्या नोंदीमुळं सुटलं. ज्यांच्या घरी अजून अण्णा-आई दोघंही आहेत त्यांनी हे नाव जुळवायचं काम आजच करावं, नंतर फार त्रास होतो.

फलकाच्या निमित्तानं गावातली दुसरी नावं बघितली तर निम्म्यांपुढं पलटणही लिहिलेली नाही. वरच्या आळीतल्या एका काकूंनी परवा पिशवी आणून दिली. यजमान पायदळात होते एवढंच त्यांना माहीत आहे. पिशवीत फाटकं डिस्चार्ज बुक आहे आणि पश्चिमी स्टार आहे. क्रमांक वाचता येतोय. तो अर्ज आता लिहायला घेतलाय.